आभार, करपलेले बांगडे वगैरे

बोडिल : नाही, हे मी लिहिणार नाही.

एर्लिंग : का? मी सांगेन ते... लिहायचं. सिग्नेने सांगितलंय.

बोडिल : "बोडिल मला सोडून गेली, याबद्दल मी देवाचा आभारी आहे." हे आभार झाले?

एर्लिंग : मनापासून.

बोडिल : देवाचं नाव तू याआधी एकदाच घेतलंस, आपल्या लग्नात. तेही पाद्र्याने वदवून घेतलं म्हणून.

एर्लिंग : मग देव काढ. बाकी... ठेव.

बोडिल : ठेवते बापडी. "बोडिल मला सोडून गेली, याबद्दल आभार." झालं एक. आता मला टोमणे मारण्यात उरलेले दोन घालवू नकोस. रोज या पानाचा फोटो रिक्केला पाठवायचाय. आपली लेक तिकडे ग्रीनलंडमध्ये बर्फात बसून तुझ्या काळजीने झुरतेय, तिला जरा बरं काही वाचू दे.

एर्लिंग : लिही. आजचं... सूप.

बोडिल : अरे वा. आवडलं?

एर्लिंग : संपलं.

बोडिल : "सूप संपलं, याबद्दल आभार." एर्लिंग, इथल्या पुनर्वसन केंद्राच्या वर्गात सिग्नेने काय सांगितलं, ऐकलंस तरी का? रोज तीन चांगल्या गोष्टी आठवायच्या, लिहायच्या. मन ताळ्यावर येतं, झोप लागते, रक्तदाब उतरतो.

एर्लिंग : त्या पोरीला... अजून अक्कलदाढ यायचीय. च्यायला, माझा उजवा हात... ओंडका झालाय. शब्द शोधायला गेलो की... कपाट सापडतं, आत काही नाही. आभार कशाचे मानू? डावा अजून ओंडका नाही... त्याचे?

बोडिल : हे चालेल की! लिहू?

एर्लिंग : च्यायला.

बोडिल : बघ, शिव्या कशा न अडखळता येतात.

एर्लिंग : सिग्ने म्हणते, त्या... डोक्यात वेगळ्या खणात असतात. तो खण बुडाला नाही.

बोडिल : तो खण तुझा आधीपासूनच मोठा होता. "डावा हात अजून ओंडका नाही, याबद्दल आभार." झाले तीन. छान. आता ऐक, पुढच्या आठवड्याचा धडा वेगळा आहे.

एर्लिंग : अजून... धडा?

बोडिल : एक माणूस निवडायचा. ज्याने आपल्यासाठी काही केलं आणि आपण त्याला कधी आभार म्हटलं नाही, असा. त्याला समोर बसवायचं आणि तोंडावर म्हणायचं. सिग्ने म्हणते, वहीपेक्षा याचा गुण दुप्पट.

एर्लिंग : तू नाहीस.

बोडिल : मला नकोयतही. मी व्हिग्गोचं नाव दिलं.

एर्लिंग : कोणाचं?

बोडिल : तुझ्या शेजारच्या व्हिग्गोचं. बागेतल्या शेडमध्ये तू पक्षाघाताने आडवा पडला होतास, तेव्हा तुला शोधून ज्याने रुग्णवाहिका बोलावली, त्याचं. दुसऱ्या कुणाचं देणार?

एर्लिंग : तो... च्यायला, तो! नाही! रद्द कर! झेंड्याचा खांब... त्याची दोरी... पश्चिमेचा वारा सुटला की... टक टक टक, रात्रभर! कुत्र्याच्या वाढदिवसाला झेंडा लावतो तो! कुत्र्याच्या!

बोडिल : अगं बाई, केवढं लांब बोललास! सिग्नेला सांगायला हवं.

*

बोडिल : मान वर कर. अजून. आता बोलू नकोस, मी हनुवटीखाली आलेय.

एर्लिंग : इथला... पोऱ्या करतो दाढी. मशीनने.

बोडिल : बघितली त्याची कामगिरी. डाव्या गालावर कुरण आणि उजव्यावर वाळवंट. जन्मभर लोकांची डोकी भादरून पोट भरलं मी, माझ्यासमोर असला चेहरा नाही चालायचा. उजव्या बाजूला वस्तरा लागतोय का, कळतंय?

एर्लिंग : नाही.

बोडिल : मग मी जपून करते. सकाळी व्यायामाला गेला नाहीस म्हणे.

एर्लिंग : पोट... दुखत होतं.

बोडिल : काल डोकं दुखत होतं, परवा बूट सापडत नव्हता. बुधवारी नगरपालिकेची बाई येणार आहे, एर्लिंग. तुला घरी सोडायचं की वृद्धाश्रमात खोली द्यायची, ते ठरणार. तू असाच भिंतीकडे तोंड करून पडलास, तर ती कागदावर काय लिहील, तूच सांग. जेवणाच्या खोलीत टीव्ही, खिडकीत कुंडी आणि दर शुक्रवारी अ‍ॅकॉर्डियन वाजवणारा कुणीतरी म्हातारा. तेच हवंय का तुला?

एर्लिंग : बोडिल.

बोडिल : हलू नकोस म्हटलं ना.

एर्लिंग : मला... सापडायचं नव्हतं.

बोडिल : काय?

एर्लिंग : शेडमध्ये. मी बांगडे... धुराला लावले होते. खाली वाकलो आणि... पडलो. दुखलं नाही. दाराच्या फटीतून आभाळ दिसत होतं. धुराचा वास. बरं वाटत होतं. खरंच. मनात आलं, एवढंच असतं होय! मग जाऊ या. आणि तो आला. आता त्याला... समोर बसवून आभार म्हणू? कशाचे? या ओंडक्याचे?

बोडिल : हे मला तू गळ्यावर वस्तरा असताना सांगतोस?

एर्लिंग : तू... बोलू नकोस म्हणालीस. म्हणून... बोललो.

बोडिल : थांब. वस्तरा बाजूला ठेवते. थांब जरा.

एर्लिंग : हे वहीत... लिहू नकोस. रिक्के...

बोडिल : मी काय खुळी आहे? वर तोंड कर. सिग्ने असती तर तिने एखादं रंगीत कार्ड काढलं असतं. मला एवढंच कळतं, की आपण एका घरात राहत होतो तेव्हा तू मला असलं एक वाक्य कधी सांगितलं नाहीस. समुद्रावर तुझी बोट बुडता बुडता वाचली, ते मला बेकरीतल्या बाईकडून कळलं. तुझी आई गेली, ते तू टेबलावर चिठ्ठी लिहून कळवलंस. मी कशाला गेले असं वाटतं तुला?

एर्लिंग : नेस्टव्हेदला... दुकान मिळालं म्हणून.

बोडिल : दुकान! अरे, इथे एस्बियर्गमध्ये डोकी नव्हती का? मी गेले कारण त्या घरात मी फ्रीजशी बोलायला लागले होते. तो निदान गुरगुरायचा. आता बघ, अर्धी जीभ गेली आणि दुप्पट बोलायला लागलास.

एर्लिंग : आता... शब्द शोधावे लागतात. सापडला की... टाकवत नाही.

बोडिल : झाली दाढी. पूस. नाही, डाव्या हाताने, तूच पूस. आणि व्हिग्गो उद्या दुपारी कॉफीला येतोय.

एर्लिंग : हे ऐकूनसुद्धा?

बोडिल : हे मी आत्ता ऐकलं. त्याला बोलावून दोन दिवस झाले.

*

व्हिग्गो : कोणत्या खुर्चीवर बसायचं?

बोडिल : कुठल्याही. ही घे. कॉफीत दूध?

व्हिग्गो : नको. मी हे आणलंय. दुकानातला आहे. धुरवलेला बांगडा.

एर्लिंग : दुकानातला.

व्हिग्गो : वेष्टनावर तारीख बघून घेतलाय.

बोडिल : एर्लिंग, त्याच्या बांगड्याकडे असं बघू नकोस. व्हिग्गो, तुला बोलावलंय ते एका कारणासाठी. इथल्या वर्गात एक अभ्यास असतो...

व्हिग्गो : फोनवर सांगितलंस तू. आभार. मला आधी बोलायचंय. मी आयुष्यभर लोकांच्या गाडी चालवण्याच्या परीक्षा घेतल्या. चूक घडली की ती लगेच आणि स्पष्ट सांगायची, ही माझी सवय आहे. ही सांगायला उशीर झालाय.

एर्लिंग : आ... आभ... च्यायला.

बोडिल : तो प्रयत्न करतोय.

व्हिग्गो : नको, एर्लिंग, करू नकोस. मी तुला वाचवायला आलो नव्हतो.

बोडिल : म्हणजे?

व्हिग्गो : क्रमाने सांगतो. माझ्या दोरीवर चादरी वाळत होत्या. पांढऱ्या. तुझ्या शेडमधून धूर निघाला आणि सगळा माझ्या चादरींवर आला. मी बागेची नळी घेतली आणि तुझ्या कुंपणावर पाय टाकला. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या हद्दीत शिरायची माझी पहिलीच वेळ. दार उघडलं आणि तुझ्या भट्टीवर पाणी सोडलं. बांगडे अर्धे करपलेले होते, उरलेले मी बुडवले.

एर्लिंग : पाणी... माझ्या पायावर आलं.

व्हिग्गो : आलं असेल. तेव्हा मला तुझे बूट दिसले. मला वाटलं, पिऊन आडवा झालाय.

बोडिल : आणि मग तू फोन केलास.

व्हिग्गो : नाही. मग मी भाषण केलं.

बोडिल : काय केलंस?

व्हिग्गो : भाषण. ते माझं पुष्कळ दिवस तयार होतं. कुत्र्याला फिरवताना मी ते मनात घोळवायचो. तुझ्या बुटांसमोर उभा राहिलो आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हटलं. धूर, माशांची आतडी कचऱ्याच्या डब्यात, पहाटे चालू होणारा रेडिओ, माझ्या नमस्काराला न दिलेलं उत्तर. मध्येच तू "हं" केलंस. मला वाटलं, ऐकतोयस. म्हणून पुढे बोलत राहिलो.

बोडिल : हे देवा.

व्हिग्गो : नळी चालूच होती. संपल्यावर मी म्हटलं, "आता काही बोलशील का?" आणि तू नुसतं बघितलंस. चेहऱ्याची एकच बाजू हलली. तेव्हा मला कळलं. तेव्हा फोन केला. इथली डॉक्टर म्हणते, या आजारात मिनिटामिनिटाला किंमत असते. तुझा हात... तो माझ्या भाषणात गेला असेल. मी झोपू शकत नाही. तुझे आभार मी घेऊ शकत नाही, एर्लिंग. एवढंच. कॉफी चांगली आहे.

(व्हिग्गो कॉफीचा घोट घेतो. मग एक विचित्र आवाज येतो. एर्लिंग हसतो आहे.)

बोडिल : एर्लिंग? काय होतंय तुला? नर्सला बोलावू?

एर्लिंग : ऐकलं... मी.

व्हिग्गो : काय ऐकलंस?

एर्लिंग : सगळं. भाषण. मी निघालो होतो, व्हिग्गो. बरं चाललं होतं. आणि हा... हा मूर्ख... पाणी घेऊन आला. आणि म्हणाला... तू म्हणालास, मी पाइनचं लाकूड जाळतो.

व्हिग्गो : जाळतोसच. तो वास मी ओळखतो.

एर्लिंग : बीच! बीचचं लाकूड! पाइनने... मासा कडू होतो, गाढवा! डांबरासारखा! माझा बाप... बीच. त्याचा बाप... बीच! पाइन कोण जाळतं? मला उठून... सांगायचं होतं. तोंड हलेना. म्हटलं, हे ऐकून... असंच जायचं? पाइनवाला म्हणून? मग... जायचं राहिलं.

बोडिल : म्हणजे तू त्याला खोडून काढायला मागे राहिलास?

एर्लिंग : हो.

बोडिल : लाकडावरून?

एर्लिंग : मग? काय वाट्टेल ते बोलतो हा.

व्हिग्गो : बीचचं होतं?

एर्लिंग : शेडच्या मागे... रचून ठेवलंय. जा, बघ. साल बघ. राखाडी, गुळगुळीत.

व्हिग्गो : बघेन. माझी चूक असेल तर मी तसं सांगेन.

एर्लिंग : आणि हात... तुझ्यामुळे नाही. मी आधीच... बराच वेळ पडलो होतो. बांगडे करपले ना? मंद आचेवर ठेवले होते. करपायला... खूप वेळ लागतो. हिशेब कर, परीक्षक.

व्हिग्गो : हे खरं सांगतोयस की माझ्यासाठी?

एर्लिंग : तुझ्यासाठी मी... आजवर काही केलंय?

व्हिग्गो : नाही. हे खरं आहे.

बोडिल : व्हिग्गो, हा रुमाल घे. कॉफी सांडतेय.

व्हिग्गो : भट्टी मी ताडपत्रीने झाकलीय. पावसात गंजली असती. माझ्या परवानगीने, म्हणजे, तुझ्या परवानगीशिवाय.

एर्लिंग : दोरी.

व्हिग्गो : कोणती दोरी?

एर्लिंग : झेंड्याची. टक टक.

व्हिग्गो : ती नियमाप्रमाणे बांधलेली आहे.

एर्लिंग : सैल आहे! नावाड्याच्या कानाला... कळतं! मी घरी येतो आणि गाठ... एका हाताने मारून दाखवतो. एका हाताने, ऐकलंस?

व्हिग्गो : ते बघायला मला आवडेल. तू गेल्यापासून गल्लीत कुणी काही बोलत नाही. सगळे फार सभ्य आहेत. कंटाळा येतो.

*

बोडिल : बरं, गेली एकदाची नगरपालिकेची बाई. आता बोल. आजचे तीन.

एर्लिंग : तिचा चेहरा... व्हिग्गो बोलत होता तेव्हा.

बोडिल : "शेजारी म्हणून हा माणूस असह्य आहे, आणि तो त्याच्या घरीच असला पाहिजे, असं माझं लेखी मत आहे." बिचारीला कळेना, हे बाजूने आहे की विरोधात. पण सोडतेय ना ती तुला घरी? दाराला उतार बसवणार, सकाळ-संध्याकाळ मदतनीस येणार, आणि तू व्यायाम चुकवलास की सिग्ने मला कळवणार. जमेल?

एर्लिंग : तिला सांग... आज दोन फेऱ्या जास्त मारल्या. दांड्याला धरून.

बोडिल : तूच सांग. आणि त्याबद्दल आभार वगैरे मानू नकोस, तिला भोवळ येईल. चल, एक?

एर्लिंग : डॉक्टर म्हणाली... हात परत येणार नाही.

बोडिल : मी होते तिथे.

एर्लिंग : तू खिडकीबाहेर बघत होतीस.

बोडिल : मग कुठे बघणार होते?

एर्लिंग : लिही. डॉक्टर... खोटं बोलली नाही.

बोडिल : याबद्दल आभार?

एर्लिंग : हो. बाकीच्यांनी... गुळमुळीत बोलून जीव खाल्ला होता.

बोडिल : लिहिलं. रिक्के हे वाचून रडेल.

एर्लिंग : रडू दे. दोन... व्हिग्गो. बीच बघून आला. चूक कबूल केली. लेखी.

बोडिल : ही चिठ्ठी तू भिंतीवर लावणार आहेस ना?

एर्लिंग : काच... बसवून.

बोडिल : "व्हिग्गो चुकला, याबद्दल आभार." सिग्ने ही वही कुणाला उदाहरण म्हणून दाखवणार नाही, एवढं नक्की. तिसरं सांग. मला आवराआवर करायचीय. गुरुवारी सकाळी निघेन म्हणते. दुकानात तीन बायका ओले केस घेऊन बसल्यासारख्या माझी वाट बघतायत.

एर्लिंग : गुरुवारी... नेस्टव्हेदच्या वाटेवरचा, समुद्रावरचा मोठा पूल बंद असेल.

बोडिल : का?

एर्लिंग : वारा.

बोडिल : बातम्यांत तर गुरुवारी लख्ख ऊन सांगितलंय.

एर्लिंग : त्यांना... काय कळतं.

बोडिल : मग शुक्रवारी निघू?

एर्लिंग : शुक्रवारचं... आत्ताच कसं सांगणार?

बोडिल : एर्लिंग.

एर्लिंग : समुद्र आहे तो. सांगता येत नाही.

बोडिल : बरं. मग घराची किल्ली दे. तू यायच्या आत एकदा जाऊन येते. फ्रीजमध्ये काय काय मरून पडलं असेल, देव जाणे.

एर्लिंग : खणात आहे. पुढच्या दाराची. दार... अडकतं. आधी वर उचलायचं, मग खांद्याने...

बोडिल : माहीत आहे मला. मी राहिलेय त्या घरात.